टर्मिनलच्या पडद्यावरची सुर्खी : रंगीत व शैलीबद्ध मजकूर छापण्याची रीत आणि तिची शिस्त

प्रास्ताविक

उर्दूमध्ये मथळ्याला 'सुर्खी' म्हणतात. 'सुर्ख' म्हणजे तांबडा या फारसी शब्दापासून हा शब्द तयार झाला. हस्तलिखितांच्या काळात कातिब मूळ मजकूर काळ्या शाईने लिहीत आणि प्रकरणाचे शीर्षक तांबड्या शाईने काढीत. पुढे शिळाछाप आला, वर्तमानपत्रे आली, मथळेही काळ्या शाईत छापले जाऊ लागले. तरी नाव मात्र सुर्खी हेच राहिले. मराठीतही याची खूण सापडते. पोथ्यांमध्ये श्लोकांचे आकडे व दंड हिंगुळाने तांबडे काढण्याची चाल होती, आणि चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासून ते रद्द करीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्याच रूढीतून आला आहे. तात्पर्य, मजकुराला रंग देऊन वाचकाचे लक्ष वेधणे ही संगणकाने शोधून काढलेली गोष्ट नाही.

संगणकाच्या टर्मिनलमध्ये चालणारा प्रोग्रॅमही हेच करू पाहतो. चूक झाली तर तांबडा मजकूर, काम पार पडले तर हिरवा, शीर्षक ठळक, महत्त्वाचा शब्द अधोरेखित. विद्यार्थी प्रोग्रॅम लिहू लागला की लवकरच त्याला आपले उत्तर रंगीत दिसावे असे वाटते, आणि ही हौस पुरवणे सोपेही आहे. परंतु ही रीत नेमकी कशी चालते हे समजून न घेता ती वापरली, तर निकालपत्रकात भलतीच चिन्हे उमटतात, रकाने वाकडे होतात आणि प्रसंगी उत्तीर्ण कोण व अनुत्तीर्ण कोण हेच वाचणाऱ्याला कळत नाही. प्रस्तुत लेखात या रीतीची कार्यपद्धती, तिचा थोडक्यात इतिहास आणि ती वापरताना पाळावयाची शिस्त यांचा विचार केला आहे. संगणकशास्त्राच्या अध्यापकांप्रमाणेच हजेरी, गुण किंवा ग्रंथालयाच्या याद्या यांसाठी लहान प्रोग्रॅम वापरणाऱ्या इतर विषयांच्या अध्यापकांनाही हे विवेचन उपयोगी पडावे.

टर्मिनल : एका ओळीतून येणारी अक्षरे

टर्मिनल हे मुळात स्वतंत्र यंत्र होते. संगणक एका खोलीत असे आणि त्याच्याशी तारेने जोडलेले, कळफलक व छपाईची सोय असलेले टेलिटाइप यंत्र दुसऱ्या खोलीत असे. संगणकाकडून एकामागून एक अक्षरे येत आणि यंत्र ती कागदावर उमटवीत असे. पुढे कागदाची जागा पडद्याने घेतली. आज टर्मिनल ही एक खिडकी आहे, यंत्र नाही. पण तिचे वागणे त्या जुन्या यंत्राचेच आहे. प्रोग्रॅम तिच्याकडे अक्षरांची एकच धार पाठवतो. रंगासाठी वेगळी तार नाही, वेगळा मार्ग नाही.

मग रंग कोणत्या वाटेने जातो? याचे उत्तर १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आस्की' या अक्षरसंकेतात आहे. आस्कीमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. त्यांपैकी ० ते ३१ हे क्रमांक छापावयाच्या अक्षरांचे नसून यंत्राला द्यावयाच्या सूचनांचे आहेत. ७ क्रमांक आला की घंटी वाजते, १० आला की ओळ पुढे सरकते, १३ आला की छपाई ओळीच्या आरंभी परत येते. २७ क्रमांकाच्या सूचनेला 'एस्केप' म्हणतात. तिचा अर्थ असा की, यानंतर येणारी काही अक्षरे छापू नयेत, ती सूचना समजावीत. नाटकाच्या संहितेत कंसातला मजकूर नट मोठ्याने म्हणत नाही, त्याप्रमाणे वागतो. एस्केपनंतरचा मजकूर हा असाच कंसातला मजकूर होय.

सुरुवातीला प्रत्येक कारखानदाराच्या टर्मिनलची सूचनांची भाषा वेगळी होती. एका टर्मिनलसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर निरुपयोगी ठरे. ही अडचण दूर करण्यासाठी युरोपातील संगणक उत्पादकांच्या 'एक्मा' या संघटनेने १९७६ मध्ये 'एक्मा-४८' हे मानक प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या 'अन्सी' या मानक संस्थेने त्याच धर्तीचे मानक १९७९ मध्ये स्वीकारले. त्याआधीच, १९७८ मध्ये, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी-१०० हे टर्मिनल बाजारात आणले होते. २४ ओळी व ८० रकान्यांच्या या टर्मिनलने नव्या पद्धतीच्या सूचना उचलल्या आणि ते इतके लोकप्रिय झाले की इतरांनी त्याचेच अनुकरण केले. या सूचनांना आजही 'अन्सी संकेत' असेच म्हटले जाते. व्हीटी-१०० चा पडदा एकरंगी होता हे येथे ध्यानात ठेवावे. ठळक, अधोरेखित, लुकलुकता व उलटा मजकूर एवढीच त्याची शैली होती. म्हणजे शैली आधी आली आणि रंग मागाहून रूढ झाला.

संकेताची रचना

रंग व शैली यांच्या संकेताचे चार भाग असतात : प्रथम एस्केप, मग उघडा चौकोनी कंस, मग एक किंवा अधिक आकडे, आणि शेवटी रोमन लिपीतील लहान 'एम' हे अक्षर. तांबडा रंग ३१ या आकड्याने मिळतो, म्हणून त्याचा संकेत 'एस्केप [ ३१ एम' असा होतो. येथे वाचनाच्या सोयीसाठी मध्ये जागा सोडली आहे. प्रत्यक्षात ती सोडू नये. तसेच या लेखात आकडे देवनागरीत छापले असले, तरी प्रोग्रॅममध्ये ते रोमन लिपीबरोबर वापरले जाणारेच टाइप करावेत. देवनागरी आकडे टर्मिनलला सूचना म्हणून समजत नाहीत.

एस्केप ही कळ दाबून प्रोग्रॅमच्या मजकुरात उतरत नाही; ती क्रमांकाने लिहावी लागते. सत्तावीस हा आकडा सोळाच्या पद्धतीत '१बी' असा आणि आठच्या पद्धतीत '३३' असा लिहितात. म्हणून पायथनमध्ये अवतरणचिन्हांच्या आत बॅकस्लॅश, लहान एक्स, एक आणि बी अशी चार चिन्हे लिहिली की एस्केप तयार होते. सी भाषेत किंवा लिनक्सच्या आज्ञांमध्ये बॅकस्लॅश, शून्य, तीन, तीन असे लिहिण्याचा प्रघात आहे. दोन्हींचा अर्थ एकच.

शैलीचे नेहमी लागणारे आकडे पुढीलप्रमाणे आहेत :

० – आधीचे सर्व रंग व शैली रद्द
१ – ठळक
२ – फिका
३ – तिरपा
४ – अधोरेखित
५ – लुकलुकता
७ – उलटा, म्हणजे अक्षराचा व पार्श्वभूमीचा रंग अदलाबदल
९ – मधून रेघ मारलेला

एकाहून अधिक शैली एकत्र हव्या असतील तर आकड्यांमध्ये अर्धविराम घालावा. 'एस्केप [ १;३१ एम' म्हणजे ठळक आणि तांबडा.

येथे विद्यार्थ्यांची हमखास होणारी चूक सांगितली पाहिजे. एकदा रंग लावला की तो शब्द संपला म्हणून आपोआप उतरत नाही. टर्मिनल पुढचे सगळे त्याच रंगात छापत राहते. प्रोग्रॅम संपल्यावर दिसणारी आज्ञेची ओळसुद्धा अनेकदा तांबडीच राहते. म्हणून रंगीत शब्दाच्या शेवटी 'एस्केप [ ० एम' हा संकेत लिहिलाच पाहिजे. कातिबाने मथळा लिहून झाल्यावर लेखणी पुसून पुन्हा काळ्या दौतीत बुडवावी, तसेच हे आहे.

आठ रंगांचे गणित

अक्षराच्या रंगासाठी ३० ते ३७ आणि पार्श्वभूमीसाठी ४० ते ४७ हे आकडे आहेत. ते पाठ करण्याची गरज नाही, कारण त्यांच्या मागे एक सुबक हिशेब आहे. पडद्यावरचे सर्व रंग तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणाने होतात. तांबड्याला १, हिरव्याला २ आणि निळ्याला ४ ही किंमत द्यावी. तांबडा व हिरवा मिळून पिवळा होतो, त्याची किंमत ३. तांबडा व निळा मिळून किरमिजी, किंमत ५. हिरवा व निळा मिळून आकाशी-हिरवट, किंमत ६. तिन्ही मिळून पांढरा, किंमत ७. काहीच नाही तो काळा, किंमत ०. ही किंमत ३० मध्ये मिळवली की अक्षराचा रंग आणि ४० मध्ये मिळवली की पार्श्वभूमीचा रंग मिळतो. द्विमान पद्धती शिकवताना अध्यापकांना हे उदाहरण फार चांगले वापरता येईल. विद्यार्थी आपल्या डोळ्यांनी १ आणि २ ची बेरीज पिवळी झालेली पाहतो.

पुढे या आठ रंगांच्या उजळ छटांसाठी ९० ते ९७ हे आकडे रूढ झाले. त्यानंतर २५६ रंगांची सोय झाली. तिचा संकेत ३८;५ यानंतर रंगाचा क्रमांक असा आहे. त्यातील पहिले १६ क्रमांक म्हणजे आठ साधे व आठ उजळ रंग. पुढचे २१६ रंग तिन्ही मूळ प्रकाशांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या करून होतात, कारण ६ × ६ × ६ = २१६. शेवटच्या २४ करड्या छटा आहेत. आजच्या बहुतेक टर्मिनलांत याच्याही पुढे जाऊन ३८;२ यानंतर तांबड्या, हिरव्या व निळ्याचे ० ते २५५ मधील आकडे देता येतात, आणि त्यातून १,६७,७७,२१६ रंग मिळतात.

रंगांची ही श्रीमंती पाहून हुरळून जाऊ नये. पहिल्या सोळा रंगांची प्रत्यक्ष छटा प्रोग्रॅम ठरवीत नाही, टर्मिनल ठरवते. जुन्या आयबीएम संगणकांच्या रंगीत पडद्यावर ३ क्रमांकाचा साधा पिवळा तपकिरी दिसत असे. आजही काळ्या पार्श्वभूमीवर गडद निळा आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळा वाचताना डोळ्यांना त्रास होतो. लिहिणाऱ्याने आपल्या पडद्यावर पाहून निवडलेला रंग वाचणाऱ्याच्या पडद्यावर तसाच दिसेल अशी हमी कोणालाही देता येत नाही.

डॉसचा वारसा

आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत सी भाषा टर्बो सी वर शिकवली गेली. त्या पिढीतील अध्यापकांना 'टेक्स्टकलर' आणि 'सीप्रिंटएफ' ही फलने आठवत असतील. नेहमीच्या 'प्रिंटएफ'ने मजकूर छापला तर टेक्स्टकलरचा परिणाम होत नसे, आणि असे का होते हे विद्यार्थ्यांना समजावणे कठीण जाई. कारण असे की, डॉसच्या काळातील त्या पद्धतीत रंग अक्षरांच्या धारेतून जात नव्हता. पडद्यावरच्या प्रत्येक घरासाठी स्मृतीत दोन बाइट राखलेले असत, एक अक्षराचा आणि एक रंगाचा. सीप्रिंटएफ दोन्ही बाइट भरत असे. प्रिंटएफला त्या दुसऱ्या बाइटशी कर्तव्य नव्हते. ही पद्धत जलद होती, पण ती त्या यंत्रापुरती आणि त्या कंपायलरपुरतीच. त्यामुळे ते प्रोग्रॅम लिनक्सवर नेले की चालत नाहीत.

अन्सी संकेत डॉसलाही परके नव्हते. १९८३ च्या डॉस २.० पासून 'अन्सी डॉट सिस' हा चालक मिळत होता. मात्र तो संगणकाच्या आरंभीच्या मांडणीत मुद्दाम नोंदवावा लागे. विंडोजच्या आज्ञा-खिडकीला हे संकेत स्वतःहून समजू लागले ते विंडोज १० च्या काळात, २०१६ च्या सुमारास. तिथेही जुन्या खिडकीत प्रोग्रॅमने ही सोय आधी चालू करून घ्यावी लागते. लिनक्स, मॅक व विंडोज या तिन्हींवर एकच संकेत चालणे हे या रीतीचे आजचे मोठे बळ आहे.

रंग धारेत मिसळल्याचे परिणाम

रंग व मजकूर एकाच धारेतून जातात, ही या रीतीची सोय आहे आणि तीच तिची मेख आहे. समजा, एका महाविद्यालयात गुण तपासणारा लहान प्रोग्रॅम लिहिला. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचा क्रमांक व गुण छापले, आणि अनुत्तीर्णांचे गुण तांबडे केले. पडद्यावर यादी देखणी दिसली. आता तीच यादी फाइलमध्ये साठवली. फाइलला रंग कळत नाही. तिने एस्केप, कंस, आकडे व एम ही सगळी चिन्हे जशीच्या तशी ठेवून घेतली. ती फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली तेव्हा गुणांच्या आधी '[३१एम' असा कचरा दिसला. एखाद्याने तो कचरा हाताने साफ करताना ३१ हेच गुण समजले तर? आणि कचरा नीट साफ केला, तर रंगही गेला आणि त्याबरोबर कोण अनुत्तीर्ण ही माहितीही गेली. चूक टर्मिनलची नाही. जी गोष्ट अक्षरांत लिहावयास हवी होती, ती केवळ रंगावर सोपवली, ही चूक आहे.

यावर पहिला उपाय असा की, रंग लावण्यापूर्वी आपले उत्तर कोठे जात आहे हे प्रोग्रॅमने विचारावे. त्यासाठी पायथन व सी या दोन्ही भाषांत 'इजॲटी' नावाचे फलन आहे. पुढे खरोखर टर्मिनल असेल तर ते होय म्हणते. फाइल किंवा दुसरा प्रोग्रॅम असेल तर नाही म्हणते. नाही असे उत्तर आले तर संकेत मुळीच पाठवू नयेत. दुसरे म्हणजे वापरणाऱ्याची इच्छा. रंग नको असणाऱ्याने 'नो कलर' या नावाचे चल आपल्या प्रणालीत ठेवावे आणि प्रोग्रॅमांनी ते पाहून रंग वगळावा, असा संकेत २०१७ पासून रूढ होत गेला. २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ मध्ये चुकांचे संदेश आपोआप रंगीत दिसू लागले, पण तेथेही हा संकेत पाळला जातो.

दुसरा परिणाम रकान्यांवर होतो. संकेत पडद्यावर दिसत नाहीत, पण मोजणीत येतात. 'एस्केप [ ३१ एम' यात पाच चिन्हे आणि 'एस्केप [ ० एम' यात चार, म्हणजे रंगवलेला प्रत्येक शब्द प्रोग्रॅमच्या हिशेबी नऊ चिन्हांनी लांब होतो. म्हणून शब्द आधी रकान्याच्या रुंदीइतका भरून घ्यावा आणि मगच त्याला रंग लावावा. क्रम उलटा झाला की रकाने वाकडे होतात.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. बाहेरून आलेला मजकूर, उदाहरणार्थ कोणी भरून पाठवलेल्या नावांची यादी, प्रोग्रॅमने न तपासता टर्मिनलवर छापली आणि त्या मजकुरातच एस्केप दडलेले असेल, तर टर्मिनल तेही मुकाट्याने पाळते. अशा संकेतांनी मजकूर अदृश्य करता येतो, छापणीची जागा मागे नेऊन आधीची ओळ बदलता येते. त्यामुळे परक्या मजकुरातील २७ क्रमांकाचे चिन्ह छापण्याआधी काढून टाकणे इष्ट होय.

मराठी आणि उर्दूची अडचण

टर्मिनलची सगळी मांडणी एका घरात एक अक्षर या कल्पनेवर उभी आहे. रोमन लिपीला ती सोयीची आहे. देवनागरीत मात्र 'उत्तीर्ण' या शब्दाची युनिकोड चिन्हे आठ आहेत आणि डोळ्यांना दिसणारी अक्षरे तीन : उ, त्ती, र्ण. प्रोग्रॅम आठ मोजतो, त्यामुळे मराठी रकाने रोमन रकान्यांसारखे सरळ येत नाहीत. त्यात रंगाचा संकेत शब्दाच्या मध्येच घातला, म्हणजे व्यंजन एका रंगात आणि त्याची मात्रा दुसऱ्या रंगात असा प्रयत्न केला, तर जोडाक्षर फुटण्याचा संभव असतो.

उर्दूची अडचण याहून अधिक आहे. तिची अक्षरे शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतात आणि लिपी उजवीकडून डावीकडे चालते. दीर्घकाळ बहुतेक टर्मिनलांना यापैकी काहीच साधत नव्हते. ग्नोम या लिनक्सवरील प्रणालीच्या टर्मिनलमध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय २०१९ मध्ये आली. सर्वत्र ती सारखी नाही. म्हणून मराठी असो वा उर्दू, रंग नेहमी पूर्ण शब्दाला लावावा, शब्द मध्ये तोडू नये. ज्या यादीत रकाने अचूक हवेत, तेथे संख्या आधी आणि नावे ओळीच्या शेवटी ठेवावीत, म्हणजे नावांची लांबी कमीजास्त झाली तरी बाकीचे रकाने बिघडत नाहीत.

नुक्त्यांचा धडा

रंगावर अर्थ सोपवावा की नाही, हा प्रश्न अरबी लिपीच्या इतिहासात फार पूर्वी उभा राहिला होता. प्राचीन अरबी लेखनात स्वरचिन्हे नव्हती. पठणात चूक होऊ नये म्हणून, परंपरेनुसार, बसऱ्याचे विद्वान अबुल अस्वद अद्-दुअली यांनी सातव्या शतकात कुरआनच्या लेखनात स्वरांसाठी ठिपके देण्याची पद्धत सुरू केली. ठिपका अक्षरावर असेल तर जबर, खाली असेल तर जेर, पुढे असेल तर पेश. हे ठिपके मूळ मजकुराहून वेगळ्या रंगाच्या शाईने, बहुधा तांबड्या शाईने देत. पुढे सारख्या आकाराची अक्षरे ओळखण्यासाठी मूळ शाईतच नुक्ते देण्यात येऊ लागले. आता एकाच ओळीत दोन प्रकारचे ठिपके झाले, आणि स्वर कोणता व अक्षराचा नुक्ता कोणता हे ओळखण्यास रंगाचा आधार मोठा झाला. दोन शाया जवळ नसणाऱ्या कातिबाने काय करावे?

आठव्या शतकात खलील इब्न अहमद यांनी यावर तोडगा काढला. अरूज या छंदशास्त्राचे प्रवर्तक म्हणून उर्दूचे अध्यापक त्यांना ओळखतातच. त्यांनी रंगीत ठिपक्यांच्या जागी लहान आकृत्या आणल्या. जबरसाठी आडवा छोटा अलिफ, पेशसाठी छोटा वाव, अशी ती चिन्हे होती. अर्थ रंगातून काढून आकारात ठेवल्यामुळे तोच मजकूर एका शाईने, कोणत्याही लेखणीने, कोणालाही उतरवता आला. आज उर्दूत जेर-जबर दिले जातात ते याच परंपरेतून आले आहेत. रंग त्यामुळे हद्दपार झाला नाही. तजवीद शिकवण्यासाठी रंगीत अक्षरांचे कुरआन आजही छापले जातात, आणि नवशिक्यास त्यांचा मोठा उपयोग होतो. पण त्यांतील रंग काढून घेतले तरी एकही स्वर हरवत नाही. रंग सोबतीला आहे. भार आकारावर आहे.

टर्मिनलवर छापणाऱ्या प्रोग्रॅमलाही हाच नियम लागू पडतो. तांबडा व हिरवा यांतील फरक न कळणारी माणसे थोडी नाहीत. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकसमूहांत पुरुषांपैकी सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे अर्धा टक्का व्यक्तींना हे रंगांधत्व असते. इतर समाजांत प्रमाण कमीअधिक असले तरी ते कोठेही शून्य नाही. चूक तांबडी आणि बरोबर हिरवी ही जोडी नेमकी त्यांच्याच वाटेत येते, आणि पुष्कळदा त्या व्यक्तीला आपल्यातील हा दोष ठाऊकही नसतो. अंध विद्यार्थी पडदावाचक प्रोग्रॅमच्या साहाय्याने मजकूर ऐकतो. केवळ रंगाने सांगितलेली गोष्ट त्याच्यापर्यंत सहसा पोचत नाही. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही माहिती केवळ रंगाने सांगू नये हा मूलभूत निकष म्हणून दिला आहे. टर्मिनलला तो लागू न करण्याचे काही कारण नाही.

वर्गात करावयाचा प्रयोग

हा विषय शिकवताना अध्यापकांनी विद्यार्थ्यांना दहा काल्पनिक क्रमांकांची निकालयादी छापण्याचा प्रोग्रॅम लिहिण्यास सांगावे. पहिल्या दिवशी रंगाचा वापरच करू देऊ नये. प्रत्येक ओळीत क्रमांक, गुण आणि 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' हा शब्द असावा. ती यादी एका रंगात निःसंशय वाचता आली की मगच दुसऱ्या दिवशी रंग चढवावेत : शीर्षक ठळक, 'अनुत्तीर्ण' तांबडा, बाकी सर्व साधे. सगळेच रंगवले तर काहीच उठून दिसत नाही, हेही विद्यार्थ्यांना तेथेच उमगते.

त्यानंतर यादीच्या तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली, ती फाइलमध्ये साठवून उघडावी. त्यात एकही अनोळखी चिन्ह दिसता कामा नये. दुसरी, तिची काळ्या शाईत छापील प्रत काढून ती दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यावी आणि अनुत्तीर्णांची संख्या विचारावी. तिसरी, एका विद्यार्थ्याने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने यादी फक्त वाचून दाखवावी, रंगाचा उल्लेख न करता. या तिन्हींत यादी टिकली तर तिच्यातील रंग योग्य जागी आहे असे समजावे. एखाद्या ठिकाणी ती अडखळली, तर दोष रंग न पाहणाऱ्याचा नसून लिहिणाऱ्याचा आहे.

समारोप

रंगीत मजकूर छापणे ही टर्मिनलची लहानशी सोय आहे. २७ क्रमांकाचे एक चिन्ह, एक कंस, एक आकडा व एक अक्षर एवढ्यात ती साधते, आणि १९७० च्या दशकात बांधलेली ही रीत आजही तशीच चालते. तिचा उपयोग अवश्य करावा. शेकडो ओळींत एक चूक शोधणाऱ्या विद्यार्थ्याचा वेळ तांबडा शब्द वाचवतो. मात्र निकालाच्या यादीत एखाद्या मुलाचे वर्ष वाया गेले की नाही, हे सांगण्याची जबाबदारी रंगावर टाकू नये. ती शब्दाने उचलावी. सुर्खीची शाई काळी झाली तरी मथळा वाचता येत राहिला, कारण तो मुळातच अक्षरांनी लिहिलेला होता.